दादा, तिला मराठी येत होतं

दादा,

काल तुझा तेरावा झाला. अलीगंजच्या त्या गल्लीत चपला काढायला जागा नव्हती, एवढे तुझे पेशंट आले होते. समोरच्या मेडिकलवाल्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवलं होतं. एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "दीदी, डाक्टर साहब इंसान नहीं, फ़रिश्ता थे." मी हात जोडले आणि "जी" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तुझी एकुलती एक बहीण तुझ्याशी सहा महिने बोलत नव्हती, हे त्या मांडवात फक्त वहिनीला ठाऊक होतं. ती मला पुरी वाढत होती, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हती.

खरं सांगू? तुझ्याशी भांडायलाच बसलेय मी. रडून झालं. भैंसाकुंडच्या स्मशानात रडले, घरी येऊन रडले, न्हाणीघरात नळ सोडून रडले. आता जे उरलंय ते भांडणच आहे, आणि तू असा अर्ध्यातून उठून गेलास की आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलायला लागतंय. लहानपणी पत्ते खेळताना हरायला लागलास की पानं टाकून उठायचास, तसाच गेलास बघ.

मी नीमाला तुझ्याकडे आणलं, ती चूक माझी. तिथपासून सुरुवात करते.

तीन आठवडे त्या पोरीचा ताप उतरत नव्हता. संध्याकाळ झाली की अंग तापायचं. मानेला एक गाठ आली होती. लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर वाकली की दुसऱ्या हातानं ती गाठ चाचपत बसायची. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, टांझानियाची, घरापासून हजारो मैल लांब. मी म्हटलं, "चल, माझ्या भावाकडे जाऊ. घरचा माणूस आहे, नीट बघेल." ती म्हणाली, "मॅडम, उगाच कशाला त्रास?" हो दादा, मराठीत म्हणाली. तिचं बीएस्सी, एमएस्सी पुण्यात झालं होतं. पाच वर्षं एका आजींच्या घरी खोली घेऊन राहिली होती. त्या आजींना हिंदी येत नव्हती, इंग्रजी तर नाहीच, मग काय, शिकली. थालीपीठ माझ्यापेक्षा चांगलं थापायची. महाराष्ट्र मंडळातले चार लोक सोडले तर लखनऊमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस म्हणजे तू, वहिनी आणि ती. माझा स्वतःचा मुलगा मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो, "हाँ मम्मी, आता हूँ." आणि ही पोरगी सकाळी लॅबमध्ये आली की विचारायची, "काय मॅडम, झाला का चहा?"

हे सगळं मी तुला सांगितलं नव्हतं. का नाही? सुचलंच नाही. ती तापानं फणफणलेली, मी घाईत. फोनवर एवढंच म्हटलं, "माझी एक स्टुडंट आहे, घेऊन येते."

तू दारातच उठून उभा राहिलास. "आइए बेटा, तशरीफ़ रखिए. कब से बुख़ार है आपको?" काय ती अदब! तीस वर्षं या गावात राहून तू 'आप' आणि 'तशरीफ़' असं घोटून घेतलं होतंस की सोलापूरचा कुणी ऐकता तर हसून लोळला असता. दोन बोटांनी तिची मान इतकी हळू चाचपलीस. पाठीला स्टेथोस्कोप लावताना आधी तो तळहातावर घासून कोमट केलास. हे सगळं मी बघितलंय. मग तिला 'आ' करायला लावलंस, टॉर्च मारलास, आणि चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता, त्याच मायेच्या सुरात, माझ्याकडे बघून मराठीत म्हणालास, "कुठून धरून आणलीस गं ही हबशीण? दात दिसले म्हणून बरं, नाहीतर तोंड शोधत बसलो असतो." आणि वर, "जंगलातून कसले कसले रोग घेऊन येतात हे लोक. घरी गेल्यावर डेटॉलनं हात धू."

आणि मी हसले.

दादा, मला माहीत होतं की तिला कळतंय. तुला नव्हतं माहीत, मला होतं. आणि मी हसले, फिस्सकन्, तोंडावर ओढणी धरून.

का हसले, याचा तेव्हापासून विचार करतेय. तुझा तो सूर लागला की माझं हसू आधी येतं, अर्थ मागून कळतो. सहा वर्षांची असल्यापासूनची सवय. इथं आल्यावर तर ती जास्तच बळावली. मराठी म्हणजे आपली कडी लावलेली खोली होती ना! तुझ्याबरोबर चौक बाजारात चिकनकारीचे कुर्ते घ्यायला गेले की तू दुकानदाराला "भाईजान, आपके हाथ का काम लाजवाब है" म्हणायचास आणि लगेच माझ्याकडे वळून, "पोट बघ मेल्याचं, नववा लागलाय." मी कापडाच्या ताग्यांमागे तोंड लपवून हसायची. हिंदीत आपण सभ्य, आणि सगळा कचरा मराठीत. कुणाला कळतंय? कुणालाच नाही. इतकी वर्षं आपण असेच वागलो आणि त्याला गंमत म्हणत आलो.

तिनं तोंड मिटलं. बाहीचं बटण लावलं. तू लिहून दिलेला कागद हातात घेऊन नीट वाचला. मग तुला विचारलं, स्वच्छ पुणेरी मराठीत, "डॉक्टर, या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

तुझं पेन थांबलं. मी तुझ्याकडे बघितलं नाही, पण तुझा आवाज ऐकला. "नंतर," म्हणालास. तेवढंच. एवढा बोलका माणूस तू.

परत येताना ई-रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. पॉलिटेक्निकच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, तर मी काय बोलले माहितीये? "तो तसा नाहीये गं. मनानं फार चांगला आहे." ती म्हणाली, "यस मॅम." त्यानंतर ती माझ्याशी मराठीत एक अक्षर बोलली नाही. भांडली नाही, तक्रार केली नाही, काम अर्धवट टाकलं नाही. रोज वेळेवर यायची. "गुड मॉर्निंग, मॅम." 

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले ते तुला सुनवायलाच. पेशंट संपेपर्यंत बाकड्यावर बसले. आत आले आणि म्हटलं, "तिला फोन कर. सॉरी म्हण. एक शब्द, बस."

"कशाबद्दल?" तू म्हणालास. "औषध चुकलं का माझं?"

"दादा, उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस."

"अगं, तिला टेस्ट करून घे म्हणावं आधी. मला टीबीची गाठ वाटतेय. ते महत्त्वाचं. बाकी चेष्टा आहे ती, आपल्यात नाही का करत? मला शाळेत डांबर म्हणायचे. आर्मीत असताना मेसमध्ये सीनियर साहेब भर पार्टीत कोळसा म्हणायचे. इथं पहिली दोन वर्षं अख्खी कॉलनी 'मद्रासी डाक्टर' म्हणायची. मी मेलो का?"

"आवडायचं तुला?"

तू टेबलावरची काच पुसायला लागलास, आधीच स्वच्छ असलेली. मग म्हणालास, "आवडायचा काय संबंध? सहन करायचं असतं."

मी म्हटलं, "आणि मला बघायला आले होते, तेव्हा? तेव्हा का नाही सहन केलंस?"

आठवतंय ना? सोलापूरला आपल्या पुढच्या खोलीत, मुलाची आई आत्याच्या कानाशी लागून म्हणाली होती, मुलगी शिकलेली आहे, पण रंगानं अगदीच... वाक्य पुरं व्हायच्या आत तू त्यांच्या हातातल्या पोह्यांच्या बश्या काढून घेतल्या होत्यास. घास तोंडात असताना! "मुलगी बघायला आलात की म्हैस?" अण्णा तुझ्यावर ओरडत होते आणि तू दार उघडून उभा. मी आतून बघत होते. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा भाऊ पाठीशी असला की जगात कुणी मला खाली मान घालायला लावणार नाही. मग लखनऊला नोकरी लागली, ती मी घेतली तीही तू इथं होतास म्हणून. पहिल्या आठवड्यात आर्मीचा युनिफॉर्म घालून माझ्या लॅबमध्ये येऊन बसलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा चहा मागितलास, का, तर बाई म्हणून मला कुणी हलक्यात घेऊ नये. तुला कळत होतं रे सगळं. अपमान म्हणजे काय, तो कुठे लागतो, तुला डॉक्टर होण्याच्या आधीपासून कळत होतं. म्हणून तर मला तुझा राग येतो. न कळणाऱ्या माणसावर मी असा सहा महिने राग धरला नसता.

पण तू उत्तर दिलंस, आणि ते उत्तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही. तिला वाटतं, मी तत्त्वासाठी अबोला धरला. विद्यार्थिनीची बाजू घेऊन सख्ख्या भावाशी भांडली, केवढी न्यायाची चाड! काल मांडवात बघत नव्हती माझ्याकडे, तरी मनातून तिला माझा थोडा आदरच वाटत असेल.

तू म्हणाला होतास, "बोललो मी. कबूल. पण नकटे, हसली कोण?"

एवढंच म्हणालास. आवाजही चढवला नाहीस. आणि मी ताडकन उठले, पर्स उचलली आणि म्हटलं, "पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ह्या. तू सॉरी म्हटलं नाहीस म्हणून नाही उठले मी, दादा. तू खरं बोललास म्हणून उठले.

तुझं निदान बरोबर निघालं. गाठीचा टीबीच होता. पण तुझा कागद तिनं कुणाला दाखवला नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा सगळ्या तपासण्या, त्यात महिना गेला. औषधं सुरू झाली, ताप उतरला. जानेवारीत तिनं गाइड बदलून मागितला आणि दक्षिणेतल्या एका संस्थेत गेली. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, वैयक्तिक. त्याखाली मी सही केली. मुकाट्यानं केली. "काय झालं गं?" असं विचारायचं तोंड होतं का मला?

आणि मधे ती भाऊबीज. ओवाळणीचं ताट मी करून ठेवलं होतं बरं का. निरांजन, सुपारी, अक्षता, तुला आवडतात त्या ओल्या नारळाच्या करंज्या. गोमती नगरच्या या सोसायटीत खालून गार्डचा फोन आला, "मैडम, डाक्टर साहब आए हैं. ऊपर नहीं आ रहे, कह रहे हैं आप नीचे आ जाइए." वर येऊन बेल वाजवली असतीस तर मी दार उघडलं असतं. का नाही आलास? पण तुझा पीळ तुझ्याबरोबर आणि माझा माझ्याबरोबर, एकाच आईची दोघं आपण. मी गार्डला म्हटलं, "बोल दो, मैडम घर पर नहीं हैं." मग बाल्कनीच्या पडद्याआडून बघत राहिले. तू गाडीत काच खाली करून बसला होतास, नवा कुर्ता घालून. वीस मिनिटं बसलास. एकदा वर बघितलंस. मला तू दिसत होतास, तुला पडदा दिसत होता. नंतर करंज्या मी गार्डला देऊन टाकल्या.

आता येत्या दिवाळीला चंद्राला ओवाळायचं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. आपण त्याला काय म्हणायचो? "चंद्र काय ओवाळणी घालणार, कप्पाळ!"

वहिनी म्हणाली, जायच्या आधी दोन-तीनदा तू म्हणाला होतास, "नकटीला फोन लाव." तिनं फोन हातात घेतला की म्हणायचास, "नको, राहू दे. कामात असेल." कामात! मी कसल्या कामात होते रे? रोज संध्याकाळी फोन उशाशी घेऊन पडलेली असायची. आणि मग त्या दिवशी सकाळी फोन आला तो तुझ्या कंपाउंडरचा. कुणाचं तरी बीपी बघत होतास, पट्टा त्याच्या दंडावर तसाच राहिला आणि तू टेबलावर मान टाकलीस.

दहाव्याला गोमतीकाठी कावळा शिवेना. इथले पंडितजी म्हणत होते, "हो गया, अब चलिए," पण वहिनी ऐकेना. आपल्या महाराष्ट्र मंडळातले जोशीकाकाही म्हणाले, काहीतरी राहिलंय जिवाला. मग सुरू झालं. वहिनी म्हणाली, "दवाखाना बंद नाही करणार, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना देईन." कावळा नाही. तुझा मुलगा म्हणाला, "पापा, मम्मी का ख़याल रखूँगा." कावळे समोरच्या पिंपळावर बसून होते, ढिम्म. मग वहिनी माझ्याकडे वळली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "वन्सं, तुमच्याकडून काही राहिलं असेल तर बोला."

मी शास्त्रज्ञ बाई. पेशींखेरीज कशावर विश्वास नाही. आणि मी त्या चिखलात उभी राहून मनात म्हटलं, दादा, मी नीमाला फोन करीन. तुझ्या वतीनं सॉरी म्हणीन. ये.

तरी नाही शिवला. ऊन चढलं. शेवटी जोशीकाकांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. सगळे निघाले. माझ्या मनात तेव्हापासून एकच घोळतंय, की कावळ्याला सुद्धा कळलं असेल, ही सॉरी म्हणणार ती दुसऱ्याच्या वतीनं.

काल तेराव्याची जेवणं उरकली, भांडी निघाली, दुपारी मी तुझ्या कन्सल्टिंगच्या खोलीत जाऊन बसले, पेशंटच्या स्टुलावर. तिथून नीमाला फोन लावला. वाटलं, उचलणार नाही. दुसऱ्याच रिंगला उचलला.

म्हटलं, "नीमा, माझा भाऊ गेला."

ती म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, मॅम." बघ, दादा. तो शब्द इतके महिने मी तुझ्याकडे मागत होते, आणि आपल्या तिघांत तो पहिल्यांदा उच्चारला तिनं. आणि मनापासून उच्चारला, कळतं ते. वहिनी कशी आहे, जेवतेय का, सगळं विचारलं. तिची गाठ आता गेली म्हणाली, औषधाचा कोर्स संपत आलाय. सगळं इंग्रजीत. मी मराठीत बोलत होते आणि ती इंग्रजीत.

मग तिनं इंग्रजीतच विचारलं, "त्यांनी माझ्याबद्दल कधी काही म्हटलं का, मॅम? नंतर?"

काय सांगणार होते? तुझी खुर्ची माझ्या समोर होती. भिंतीवर तुझा फोटो, त्याला ताजा हार. खरं सांगायचं म्हणजे 'नाही' म्हणायचं. नाही गं, काहीच नाही म्हणाला, औषध चुकलं का म्हणाला, हसली कोण म्हणाला. आणि तू मेलेला, तुला परत उत्तर द्यायला येता येणार नव्हतं.

मी म्हटलं, "हो. म्हणाला होता. फार लागलं होतं त्याच्या मनाला. तुला सॉरी सांग म्हणाला होता."

खोटं बोलले, दादा. तुझ्यासाठी बोलले. तुझं नाव एका तरी ठिकाणी स्वच्छ राहावं म्हणून. त्या दिवशी हसून तुझी बाजू घेतली, काल खोटं बोलून घेतली. दोन्ही वेळा समोर तीच पोर.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तशीच इंग्रजीत म्हणाली, "थँक यू. मला हे ऐकायचं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या आईला पण नाही."

मला वाटलं, झालं. सुटले. फोन ठेवावा.

"अँड यू, मॅम?" तिनं विचारलं.

रागानं नाही विचारलं. अगदी हळू विचारलं. आणि थांबली. मला वेळ देत होती ती, विद्यार्थ्याला आपण व्हायवाला देतो तसा. मी तोंड उघडलं. एक शब्द होता, तोही मराठी नाही की इंग्रजी नाही, सगळ्या जगाला येणारा. तुझ्याकडे सहा महिने मागत होते तोच.

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो, नीमा? आवाज कटतोय गं, काही ऐकू येत नाहीये. नंतर करते." आणि फोन ठेवून दिला.

दादा, तिचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.